पाचूतलं तेल

नानांची हातोडी करंगळीएवढी होती. तिचा आवाजही तेवढाच. टक्, टक्‌टक्, मग थोडा वेळ काहीच नाही, मग पुन्हा टक्. टेंभी नाक्याच्या मागच्या गल्लीत आमच्या दोन खोल्या होत्या आणि बाहेरच्या खोलीत खिडकीखाली नानांचं बुटकं मेज होतं. मी अंथरुणातून उठायच्या आधी तो आवाज सुरू झालेला असायचा. आत आई भाकऱ्या थापत असायची, शेजारच्या खोलीत कुणाचा तरी रेडिओ, खाली नळावर हंड्यांची भांडणं, आणि या सगळ्यात तो टक्‌टक् आवाज कधी बुडायचा नाही. तो थांबला की आई आतूनच विचारायची, "काय झालं हो?" नाना म्हणायचे, "काही नाही, बघतोय." म्हणजे भिंग डोळ्याला लावून बघत असायचे. पुढेपुढे हे बघणं वाढत गेलं आणि हातोडी कमी होत गेली, तेव्हा नानांचे डोळे जातायत हे आम्हाला कळायला हवं होतं. पण रोज दिसणारी गोष्ट कळायला उशीर लागतो.

नाना खडे बसवायचे. सोनाराकडून अंगठी किंवा पदक तयार होऊन यायचं, त्यात खड्यासाठी रिकामी जागा असायची, तिला ते घर म्हणायचे. त्या घरात खडा बसवून भोवतीचं सोनं हलक्या हातानं त्याच्या कडेवर वळवायचं, एवढंच त्यांचं काम. बाजारातल्या एका मोठ्या पेढीचं काम त्यांच्याकडे बांधलेलं होतं. पेढीच्या मालकांना आम्ही शेठ म्हणायचो. लाल कागदाच्या पुड्यांत खडे यायचे. माणिक आलं, पुष्कराज आला, तर नाना मुकाट्यानं बसवून मोकळे व्हायचे. पाचू आला की मात्र बोलायला लागायचे. पाचू दिसायला कणखर, पण आतून चिरलेला असतो. सोनं वळवताना केसभर जास्त दाब पडला की सरळ दोन तुकडे. हात थरथरू नये म्हणून ते बोलायचे, हे मला फार नंतर समजलं. तेव्हा वाटायचं, मला गोष्टी सांगायच्यात म्हणून बोलतायत.

तर त्या गोष्टी. बल नावाचा असुर मेला, वासुकी त्याचं पित्त तोंडात धरून आकाशातून निघाला, गरुडानं त्याच्यावर झडप घातली, आणि ते पित्त डोंगरावर सांडून त्याचा पाचू झाला. म्हणून पोथीत त्याला गारुत्मत म्हणतात, मरकत म्हणतात, आणि तो अंगावर असला की साप चावत नाही म्हणतात. "खरं का नाना?" मी विचारायची. "मला कधी साप चावला नाही," नाना म्हणायचे, "पण माझ्या अंगावर कधी पाचूही नव्हता." मग बुधाचं सांगायचे. पाचू बुधाचा. बुधवारी सकाळी करंगळीत घालायचा. बुध म्हणजे बुद्धी, हिशेब, आणि मुख्य म्हणजे वाणी. अडखळणारी मुलं, परीक्षेत नापास होणारी मुलं, वकिलीला बसलेली मुलं, सगळ्यांच्या आया बुधाच्या खड्याला यायच्या. हल्ली माझी नात मोबाइलवर दाखवते की मे महिन्यात जन्मलेल्यांचा खडा हिरवा. ती मे महिन्यातली, तिला तसलं काहीतरी गळ्यात हवंय. तिला ग्रहांशी देणंघेणं नाही, फक्त रंग आवडतो. घे म्हटलं. मला आता यावर कुणाशी बोलायचा उत्साह उरलेला नाही.

मी कॉलेजच्या शेवटच्या वर्षाला होते, विज्ञान शाखेला. नानांना अंधुक दिसायला लागल्यापासून सकाळी दोन तास मी त्यांच्याशेजारी बसायची आणि भिंगातून बघून सांगायची. खडा आतून कसा बघायचा ते त्यांनी मला शिकवलं. काचेत गोल बुडबुडे दिसतात. खऱ्या पाचूत बुडबुडे नसतात, बारीक जाळं असतं, शेवाळासारखं, तुटलेल्या काड्यांसारखं. ओठाला लावला तर तो गार लागतो आणि बराच वेळ गारच राहतो. "आत एकही डाग नसलेला पाचू दिसला की हुरळून जाऊ नको," ते म्हणायचे, "आधी संशय घे." आणि तेलाचंही सांगितलं. बहुतेक पाचूंना तेल असतंच. खाणीतून निघाला की त्याच्या चिरांमध्ये बिनरंगी तेल मुरवतात, म्हणजे चिरा उठून दिसत नाहीत. त्यात लबाडी नाही, गिऱ्हाइकाला सांगायचं आणि चारपाच वर्षांनी पुन्हा मुरवून द्यायचं. म्हणून पाचू गरम पाण्यात घालायचा नाही, सोड्यात घालायचा नाही. एवढं मला माहीत होतं. मला वाटायचं, सगळंच माहीत झालं.

त्या उन्हाळ्यात नानांच्या उजव्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. तेव्हा ते आजच्यासारखं अर्ध्या दिवसाचं काम नव्हतं. डोळ्यावर पट्टी, मान हलवायची नाही, वाकायचं नाही, खोकायचंसुद्धा जपून. नाना आतल्या खोलीत कॉटवर उताणे पडून राहायचे आणि आई त्यांना चमच्यानं पेज भरवायची. घरात आवाजच नव्हता. कुळथाच्या पिठल्याला फोडणी बसली तरी दचकायला व्हायचं. आई दमली होती. मी परीक्षा देऊन दमले होते. नाना पडून राहूनच दमले होते. अशा एका सकाळी चांगुणाबाय आली.

चांगुणाबाय कल्याणच्या पुढे खाडीकाठच्या एका गावातली. एके काळी त्यांची भातशेती होती, मिठागरात वाटा होता. आता जमिनीवर इमारती उठायला लागल्या होत्या आणि घरात चार पैसे आले होते. पन्नाशीची, काटक, गुडघ्यापर्यंत घट्ट लुगडं, कानात जड सोनं. दीड वर्षापूर्वी तिनं शेठच्या पेढीवरून नातीसाठी पाचूचं पदक करून घेतलं होतं. नात मंदा तेव्हा चार वर्षांची झाली तरी बोलत नव्हती. ज्योतिषानं सांगितलं होतं, बुध दुबळा आहे, गळ्याला टेकेल असा पाचू घाला. नानांनीच तो बसवला होता, मागची बाजू उघडी ठेवून, म्हणजे खडा कातडीला लागावा. पुढे तिला कुणीतरी सांगितलं की खडा बसवणारा इथं राहतो, तेव्हापासून ती पेढीवर न जाता आमच्याकडेच यायची. येताना कधी हात हलवत आली नाही. त्या दिवशीही पिशवीत सुका जवळा होता आणि पांढऱ्या कांद्याची माळ होती.

"तुजा बापूस कुठं हाय गो?"

"आत आहेत. डोळ्याचं ऑपरेशन झालंय."

"आगं बाय माजे!" ती आत डोकावली, नानांना लांबूनच हात जोडले आणि पदक माझ्या तळहातावर ठेवलं. "याला मल बसलाय. पोर दिवसभर चिखलान नि रेतीन खेलते. जरा साफ करून ठेव. मी चार दिवसांनी येन."

"बोलायला लागली का मंदा?" मी विचारलं.

"नाय अजून. पन बोलंल. खरा दगड हाय, येल लागते." ती हसली आणि जिना उतरून गेली.

मी मेजावर बसले. आपल्या हातानं पहिलं काम होतंय याचा मला आनंदच झाला होता. कोमट पाण्यात मऊ ब्रश बुडवून मळ काढला. कडेला मात्र चिकट काळा थर बसला होता, तो निघेना. नानांनी गरम पाणी नको सांगितलं होतं, सोडा नको सांगितला होता. स्पिरिटबद्दल काही सांगितलं नव्हतं. मी कापसाला स्पिरिट लावलं आणि कडेनं फिरवलं, मग मागच्या उघड्या बाजूनं. मळ निघाला. कापूस बघितला तर काळ्या मळाच्या बाजूला हिरवा डाग. मला वाटलं लुगड्याचा नाहीतर झबल्याचा रंग असेल. दुसरा कापूस घेतला. तोही हिरवा. तिसरा. प्रत्येक वेळी हिरवा डाग येत होता आणि खडा फिका होत होता. मग भिंग लावलं. आतलं जाळं पांढरं फटक दिसत होतं, आणि एका कोपऱ्यापासून दुसऱ्या कोपऱ्यापर्यंत चीर गेली होती. पाचूचा म्हणून जो रंग होता तो बराचसा माझ्या कापसावर उतरला होता.

मी तो कापूस घेऊन आत गेले. नानांचा डावा डोळा उघडा होता.

"नाना, चांगुणाबायच्या खड्याचा रंग निघाला."

मला वाटलं ओरडतील, स्पिरिट कशाला लावलंस म्हणून. ते म्हणाले, "आईला बोलावू नको." मग म्हणाले, "मेजाच्या खालच्या कप्प्यात फडक्यात बाटली आहे. ती आण."

औषधाच्या बाटलीसारखी बाटली होती. आतलं तेल गर्द हिरवं.

"हे शेठकडचं?"

"हो."

"आणि घालायचात तुम्ही."

"दर वेळी नाही. एखाद्या खड्याचा रंग अगदीच उठत नाही, तेव्हा शेठ सांगतात." ते छताकडे बघत बोलत होते, मान हलवायची परवानगी नव्हतीच. "खडा खरा आहे, शैले. काच नाही. फक्त हलक्या प्रतीचा आहे."

"तिला माहीत आहे?"

"तिला कोण सांगणार?"

"तुम्ही मला सांगितलं होतंत, गिऱ्हाइकाला सांगायचं."

"बिनरंगी तेलाचं," ते म्हणाले. आणि मग, थकलेल्या माणसाला वाद नको असतो तशा आवाजात, "दोन दिवस यात बुडवून ठेव. उन्हात ठेव, म्हणजे तेल आत जाईल. वरून पुसून घे. होता तसा दिसेल. मला उठता येत नाही, नाहीतर मीच केलं असतं."

मी ते केलं, हे लिहिण्यासाठीच हे प्रकरण लिहायला घेतलंय. मी नाही म्हणाले नाही, रडले नाही, आईला सांगितलं नाही. वाटीत तेल ओतलं, पदक बुडवलं, खिडकीच्या उन्हात ठेवलं आणि वर बशी झाकली. दोन दिवस बशी उचलून बघत होते. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी पाचू इतका सुंदर दिसायला लागला की भिंगातूनसुद्धा चीर सापडेना, आणि मला, खरं सांगते, कौशल्याचा आनंद झाला. चांगुणाबाय आली, तिनं पदक उजेडाला धरलं आणि माझी हनुवटी धरून म्हणाली, "बापसापेक्षा तुज्या हाताला गुन हाय गो!" ती गेली आणि मी तिनं आणलेल्या जवळ्याची चटणी भाकरीबरोबर खाल्ली. तीही चांगली लागली.

त्यानंतर आठदहा दिवसांनी मला त्रास व्हायला लागला. झोप लागायची, पण उठल्यावर झोपल्यासारखं वाटायचं नाही. नानांची पट्टी निघाली होती, काळा चष्मा लावून ते मेजाजवळ नुसतेच बसायचे. मी शेजारी बसायची. त्यांनी बाटलीचा विषय काढला नाही, मीही नाही. डोक्यात एकच वाक्य फिरत होतं, खरा दगड हाय, येल लागते. वेळ लागतो म्हणत ती बाई दीड वर्षं वाट बघत होती, आणि ज्यावर भरवसा ठेवून वाट बघत होती त्याचा रंग मी स्वतः बशीखाली झाकून मुरवला होता. एका सकाळी मैत्रिणीकडे जाते सांगून मी घरातून निघाले, खोपटच्या स्टँडवर जाऊन कल्याणची एसटी पकडली, पुढे खाडीच्या बांधावरून चालत तिच्या गावाला गेले. दोन्ही बाजूंना मिठागरं. काही चालू, काही भराव टाकून बुजवलेली. उन्हानं डोळे दिपत होते आणि परत फिरावं असं दर दहा पावलांना वाटत होतं.

चांगुणाबाय ओटीवर सुकी मासळी निवडत होती. मंदा अंगणात आमच्याकडे पाठ करून शिंपल्यांच्या रांगा लावत होती. गळ्यात पदक होतं. मला बघून चांगुणाबायला इतका आनंद झाला की मला तोंड उघडवेना. तिनं पाणी दिलं, गूळ दिला. मग मी सांगितलं. अडखळत, सगळं. तेल, रंग, कापूस, बशी. नानांनी बसवताना घातलं ते, आणि नंतर मी पुन्हा घातलं ते.

तिला आधी समजलंच नाही. "म्हंजे खोटा हाय?"

"खोटा नाही. पण दाखवला तसा नाही. रंग वरून दिलाय."

"मंग गुन?"

मी खाली बघत राहिले. तेवढ्यात मागच्या पडवीत मांजरानं की कशानं तरी तांब्याचा हंडा पाडला. मोठा आवाज झाला. कोंबड्या फडफडत अंगणात पळाल्या, मी दचकून उठले, चांगुणाबायनं शिवी हासडली. मंदा शिंपले लावत होती. कोंबड्या तिच्या समोर आल्या तेव्हा तिनं मान वर केली आणि कोंबड्यांकडे बघितलं. आवाजाकडे नाही.

"तिला ऐकू येतं ना?" मी विचारलं.

"येतं की. हाक मारली का बघते."

"मारा ना हाक."

चांगुणाबायनं सवयीनं पाय आपटला आणि हाक मारली, "मंदे!" ओटी धप्‌कन वाजली. मंदानं वळून बघितलं आणि हसली.

"पाय न आपटता मारा."

आता तिचा चेहरा बदलला. मंदा पुन्हा शिंपल्यांकडे वळेपर्यंत ती थांबली. मग हळूच म्हणाली, "मंदे." मग मोठ्यानं, "मंदे!" मग ओटीवरून उतरून, अनवाणी, आवाज न करता पोरीच्या पाठीमागे दोन हातांवर जाऊन उभी राहिली आणि गावाला ऐकू जाईल अशी ओरडली, "मंदेऽऽ!" शेजारच्या घरातली बाई बाहेर आली. मंदानं एक शिंपला उचलला, पुसला आणि रांगेत ठेवला.

चांगुणाबाय तिथंच खाली बसली. मी जवळ गेले तेव्हा तिनं हात वर करून मला थांबवलं. "तू आता घरी जा, बाय," एवढंच म्हणाली. रागानं नाही, प्रेमानंही नाही. मी बांधावरून परत निघाले.

तिसऱ्या दिवशी पेढीवरून नानांना बोलावणं आलं. त्यांना अजून एकट्यानं रस्ता दिसत नव्हता म्हणून मी हात धरून घेऊन गेले. वाटेत ते म्हणाले, "कशाला बोलावलं असेल?" मी म्हणाले, "माहीत नाही." त्या आठवड्यातलं माझं हे दुसरं खोटं. पेढीवर चांगुणाबाय आणि तिचा मुलगा उभे होते. पांढऱ्या गादीवर पदक ठेवलेलं, शेजारी नुकताच खड्यावर फिरवलेला कापसाचा हिरवा बोळा. शेठनी सगळ्यांसमोर सांगितलं की आम्ही खडा चोख देतो, कारागीर घरी नेऊन त्याचं काय करतो ते आम्हाला कसं कळणार. ते नानांकडे बघत होते. दुकानात पाचसात गिऱ्हाइकं होती. नानांनी हातानं चाचपून गादीची कड धरली.

"तेल मी घातलं," नाना म्हणाले.

"कोनाच्या सांगन्यावरून?" चांगुणाबायनं विचारलं.

नानांनी तेव्हा शेठचं नाव का घेतलं नाही, यावर मी आयुष्यातला किती काळ घालवला असेल. पुढचं काम राहील अशी आशा होती, की मिंधेपणा, की हात आपले होते तर बोट दुसऱ्याकडे कसं दाखवायचं, असं काही. मला ते नक्की कळलेलं नाही.

शेठ लगेच म्हणाले, "बाई, खडा बदलून देतो. नाहीतर पैसे घेऊन जा."

"पैशे ठेव तुजे," ती म्हणाली. नानांसमोर येऊन उभी राहिली. काळ्या चष्म्यामुळे त्यांना ती नीट दिसत नसावी, ते आवाजाच्या अंदाजानं बघत होते. "पोरीला कानान आयकू येत नाय, असं डाक्तर बोल्ला. आधी आनली असती तं बरं झालं असतं, असं पन बोल्ला. मी या दगडाकडं बघत बसली. माजे पोरीचं दीड वरीस दे मना."

पदक तिथंच ठेवून ती गेली. जाताना माझ्याकडे बघितलं नाही. मला वाटलं होतं बघेल.

परत येताना नाना एकदाच बोलले. जांभळी नाक्याजवळ थांबले आणि म्हणाले, "कोथिंबीर घ्यायची आहे, आईनं सांगितलं होतं." मी कोथिंबीर घेतली. मीच गावाला गेले होते हे त्यांना तोवर कळलं होतं की नाही, मला ठाऊक नाही. घरी आल्यावर मी ते सांगितलं. आईच्या हातातली कोथिंबीर तशीच राहिली. "तू?" ती म्हणाली. "बापाचा डोळा अजून उघडला नाही, आणि तू?" नाना म्हणाले, "राहू दे." आणि भिंतीकडे तोंड करून पडले.

पेढीचं काम बंद झालं. मग इतरांचंही झालं, कारण बाजारात अशी गोष्ट पसरायला वेळ लागत नाही. जे स्वतः तेच तेल वापरत होते त्यांनीही नानांना दारात उभं केलं नाही. वर्षभरात आम्ही टेंभी नाक्याच्या खोल्या सोडल्या आणि विठ्ठलवाडीला स्टेशनमागे एका खोलीत राहायला गेलो. तिथं उल्हासनगरच्या कारखान्यांचं काम घरोघर चालायचं, खोट्या दागिन्यांत काचेचे खडे डिंकानं चिकटवायचं. आई चिकटवायची, शेजारणी चिकटवायच्या, आणि त्यांच्यात मांडी घालून नानाही. हातोडी लागत नव्हती. त्या खोलीत डिंकाचा वास असायचा, जेवणालासुद्धा. मी शेवटच्या वर्षात पास झाले, पण पुढे शिकले नाही. कल्याणच्या एका शाळेत कारकून म्हणून लागले आणि तिथूनच निवृत्त झाले. आई मला वाईट असं काही बोलली नाही. फक्त कुणी माझं कौतुक केलं, शैला सरळ मुलगी आहे असं म्हणालं, की उठून आत जायची. लोक म्हणतात खरं बोलल्यावर हलकं वाटतं. मला एक दिवसही हलकं वाटलं नाही. चुकले असंही वाटलं नाही. दोन्ही एकदम घेऊन चालायचं म्हटलं की माणूस दमतो, आणि मी विशीतच दमले.

चांगुणाबाय पुन्हा भेटली नाही. मंदा भेटली. पुष्कळ वर्षांनी, डोंबिवलीला, ब्लाउज शिवणाऱ्या एका बाईच्या दुकानात. तिथं कानामागे यंत्र लावलेली एक तरुण मुलगी माप घेत होती. मालकिणीनं तिला मंदा म्हणून खांद्याला हात लावून बोलावलं, गाव कुठलं तेही मी विचारून घेतलं. मी कोण ते सांगितलं नाही. तिनं टेप माझ्या दंडाभोवती धरला, माझ्या ओठांकडे बघत थांबली आणि जड, ओढलेल्या, पण स्पष्ट आवाजात विचारलं, "सै-ल का घट्ट?" मला उत्तर द्यायला वेळ लागला. तिला वाटलं मला कळलं नाही, म्हणून तिनं पुन्हा विचारलं.

त्या दिवशी दुपारी मी नानांना सांगितलं. आई तोवर गेली होती आणि नाना माझ्या संसारात राहत होते. नाना पंचाहत्तरीच्या पुढे होते, दोन्ही डोळ्यांनी जेमतेम दिसायचं, खाटेवर बसून असायचे. मी त्यांच्यासाठी आंबोळ्या घातल्या होत्या आणि ते बोटांनी चाचपत तुकडे करून खात होते.

"बोलते?" त्यांनी विचारलं.

"बोलते. आपल्याला कळेल असं."

त्यांनी आणखी एक तुकडा तोडला. इतक्या वर्षांत आम्ही त्या विषयावर बोललो नव्हतो, म्हणून मीच धीर केला. "नाना, तुम्ही माझ्यावर रागावला होतात ना?"

"होतो."

"अजून?"

"थोडा."

"मी गेले म्हणून?"

"गेलीस म्हणून नाही गं." त्यांनी ताटली बाजूला सरकवली. "मला न विचारता गेलीस म्हणून. दहा दिवस शेजारी बसत होतीस. एकदा म्हणायचं होतंस, नाना, मी जाते, तुम्ही येता का?" त्यांनी बोटं एकमेकांवर पुसली. "मी आलो असतो की नसतो, कोण जाणे. तेवढं मला कळायचं राहून गेलं."

मी त्यांचा हात धुवायला पाणी आणलं. त्यांनी हात पुढे केला, आणि मी पाणी ओतत राहिले.